आतला नंबर एकशे अठरा

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक खोली होती, आणि त्या खोलीत एक बाई सत्तावीस वर्षं बसली. खोली एवढीशी, की दार उघडायचं तर आधी खुर्ची सरकवावी लागे. समोर टेलिफोनचा बोर्ड, उजव्या हाताला पाण्याची बाटली, डाव्या हाताला खिडकी. आणि खिडकीतून दिसायचं काय, तर सायकलींची चाकं. बाहेरून कोणाचाही फोन आला की आधी या खोलीत यायचा. बाई म्हणायची, "नमस्कार, विद्यापीठ," आणि ज्याला जे हवं तिथे त्याला जोडून द्यायची. बोर्डावर बसणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं नाही, असा नियमच होता. त्यामुळे शहरभर तिचा आवाज ओळखीचा आणि विद्यापीठभर तिचं टोपणनाव, बोर्डबाई. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, फोन जोडायला अक्कल ती काय लागते? लागते बरं. एखादी बाई फोन करून सांगायची, आमच्या नळाला पिवळं पाणी येतंय आणि पालिका म्हणते चांगलं आहे, पीत जा. दुसरी कोणी असती तर 'राँग नंबर' म्हणून मोकळी झाली असती. बोर्डबाई तो फोन रसायनशास्त्राच्या सरांना जोडायची, तोही अकरानंतर, कारण अकराच्या आत सरांचा चहा झालेला नसे आणि चहाआधी सर कोणाचंच ऐकत नसत. कोणाचं नाव मतदार यादीतून उडालं, की मंगळवारी कायद्याच्या मुली बसतात तिकडे. रस्त्याकडेचा फुटपाथ दुकानदाराने गिळला, की स्थापत्य विभाग. तिथली मुलं टेप घेऊन मोजायला जायची. हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं, हिच्या डोक्यात होतं. आणि सत्तावीस वर्षांत एक फोन चुकीच्या ठिकाणी लावला नाही, हा तिचा तोरा होता. नवऱ्यालासुद्धा ती हे महिन्यातून एकदा ऐकवायची. तो बिचारा मान हलवायचा.

हिच्या घरात बारा वर्षांपूर्वी धाकटी जाऊ आली. ती समाजशास्त्राची प्राध्यापक, आणि नोकरी कुठे, तर ह्याच विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर. घर एक, बस एक, फाटक एक. फाटकातून आत शिरलं की एक जिन्याने वर जायची आणि दुसरी जिन्याखाली. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची धाकटी प्राध्यापक आहे." मग पाहुण्याने विचारलंच तर, "थोरली पण तिथेच असते." असते! जशी काही भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी. बोर्डबाई हे स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

बरं, धाकटी वाईट असती तर सोपं झालं असतं. ती ताई-ताई करायची, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची, सासूबाईंना दवाखान्यात न्यायची. भांडायला कुठे जागाच नाही. भांडायला जागा नसलेल्या माणसाचा हेवा फार वाईट, तो आतल्या आतच शिजतो. धाकटीने नवा चष्मा घेतला तरी हिच्या पोटात दुखायचं.

अशात एक दिवस परिपत्रक निघालं. पाच विद्यापीठं मिळून एक 'नागरी सहभाग जाळं' उभारणार. एका विद्यापीठाकडे कायद्याची मुलं, दुसऱ्याकडे पाणी तपासायची प्रयोगशाळा, तिसऱ्याकडे नकाशे काढणारे. शहरातल्या गटांनी कुठेही हाक मारावी आणि पाचांपैकी ज्याच्याकडे माणूस असेल त्याने धावून जावं. शिवाय लोकांनी नुसती मदत घ्यायची नाही. बैठकीत बसायचं, मत द्यायचं, यंदा कुठलं काम आधी ते ठरवायचं. कल्पना धाकटीची. समन्वयक धाकटी.

बोर्डबाईने परिपत्रक दोनदा वाचलं. नळाचं पाणी, मतदार यादी, फुटपाथ. हे तर मी रोज करते, ती म्हणाली, ते खिडकीतल्या सायकलींना. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर आपलं नाव लावायचं, याला काय म्हणावं? एवढंच असतं तरी एकवेळ तिने गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात दुसरा कागद आला: महिनाअखेर टेलिफोनचा बोर्ड बंद, नवीन यंत्र आपोआप फोन जोडणार, आणि बोर्डबाईची बदली तळघरातल्या टपाल विभागात. तिथे पाकिटं चिकटवायची. बोलायला समोर कोण, तर डिंकाची बाटली.

या सगळ्यात जीव धरण्यासारखी एकच गोष्ट होती. जाळ्याच्या आराखड्यात 'संपर्क प्रमुख' म्हणून एक जागा होती. लोकांचे फोन घ्यायचे, ओळखायचे, योग्य माणसाशी गाठ घालून द्यायची. ती जागा म्हणजे बोर्डबाईची खुर्ची, फक्त जिन्याखालून उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवलेली. तिला ती हवी होती. इतकी हवी होती की रोज वर जाणाऱ्या जिन्याकडे बघवत नव्हतं. पण जावेपुढे पदर पसरायचा? जीव गेला तरी नाही. तशात उपाहारगृहात कोणीतरी बोललं, की ती जागा धाकटीच्या एका लाडक्या विद्यार्थिनीला मिळणार. झालं. बोर्डबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

जाळ्याला मंजुरी मिळायला एक अट होती. मागे कुठल्याशा योजनेत सगळ्यांनीच कागदावरचे गट दाखवले होते, म्हणून या वेळी गटांनी स्वतः फोन करून 'आम्ही सामील आहोत' असं कळवायचं ठरलं. दोन दिवस, गुरुवार आणि शुक्रवार. निदान चाळीस गट हवे. आणि नंबर कुठला छापला? विद्यापीठाचा जुना मुख्य नंबर, कारण तो शहराला पाठ होता. म्हणजे धाकटीचं सगळं जाळं त्या दोन दिवसांत जिन्याखालच्या खोलीतून जाणार होतं.

गुरुवारी सकाळपासून फोन सुरू झाले. पहिले आठ बोर्डबाईने व्यवस्थित वर जोडले. आपलं काम ते आपलं काम. नववा फोन एका निवृत्त नर्सबाईंचा होता. त्यांनी आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचा एक गट बांधला होता. या नर्सबाईंना हिने दहा वर्षांत काय नाही मिळवून दिलं? वाचून दाखवायला मुली, निवृत्तिवेतनाचे अर्ज भरायला मुलं, एकदा तर डोळे तपासायला अख्खी तुकडी. त्या दर वेळी आधी, "कशा आहात बाई? खोकला गेला का?" असं विचारायच्या. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "त्या मॅडमना द्या हो, जाळ्याच्या. किती चांगल्या आहेत! आमच्यासाठी किती करतात."

बोर्डबाईचा हात बोर्डावर होता. समाजशास्त्राचा आतला नंबर दोनशे तीन. तिने एकशे अठरा लावला.

एकशे अठरा म्हणजे मागच्या इमारतीतली जुनी प्रयोगशाळा. छत गळायला लागल्यापासून तिला कुलूप होतं. आत धूळ खात पडलेली टेबलं आणि एक जिवंत टेलिफोन. तो वाजत राहिला. बोर्डबाई ऐकत राहिली. बाराव्या घंटेला नर्सबाईंनी फोन ठेवला.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण हेव्याचं खाजेसारखं असतं, एकदा खाजवलं की हात राहत नाही. पुढचा फोनही म्हणाला, मॅडमना द्या. त्याच्या पुढचाही तेच. वाचनालयवाले, नदीकाठचे भाडेकरू, शाळेबाहेर वाहनं आवरणारे पालक, सगळे एकजात मॅडम, मॅडम, मॅडम. आणि प्रत्येक मॅडमला हिने एकशे अठरा दाखवला. कोणी पुन्हा फोन केला तर सांगितलं, मॅडम जागेवर नाहीत. मॅडम बिचारी सकाळपासून जागेवरच होती, जेवायलासुद्धा उठली नव्हती. संध्याकाळपर्यंत एकोणीस फोन त्या कुलूपबंद खोलीत वाजले आणि विझले.

तीनच्या सुमाराला धाकटी स्वतः खाली आली. दारात उभी राहिली, कारण आत दुसऱ्याला जागा नव्हती. "ताई, फोन येतायत ना?"

"येतात की. परीक्षेचे, वसतिगृहाचे."

धाकटी बरं म्हणाली आणि वर गेली. तिचे खांदे पडलेले बघून बोर्डबाईला बरं वाटलं. लपवायचं कशाला, छान वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ती संध्याकाळच्या बसमध्ये गुणगुणत बसली.

घरी आल्यावर धाकटी स्वयंपाकघरात भाजी चिरायला बसली, आणि चिरता चिरता रडायला लागली. आवाज न करता, नाक ओढत. म्हणाली, दिवसभरात आठ फोन आले. आठ. लोकांना नकोच असेल हे, मीच आपली हुरळून गेले. उद्या काय बत्तीस येणार आहेत होय? बोर्डबाई म्हणाली, असतं एकेकाचं नशीब. तेव्हा धाकटीने पालथ्या हाताने डोळे पुसले.

"मला माझं काही नाही हो ताई. मी आपली परत वर्गावर जाईन. पण संपर्क प्रमुख म्हणून तुमचं नाव घातलं होतं मी. कुलसचिव ऐकत नव्हते, चार वेळा भांडले त्यांच्याशी. तुम्हाला आधी बोलले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता. माझ्या हातचं काही घेत नाही तुम्ही."

बोर्डबाईच्या हातातलं दूध गॅसवर जायचं ते ओट्यावर गेलं. पुसायला फडकं कुठे असतं तेही तिला आठवेना. करायला गेले एक आणि झालं भलतंच! जावेचे पाय ओढताना आपणच तोंडघशी. आणि गंमत बघा, त्या घटकेलाही तिला जावेबद्दल माया-बिया काही वाटली नाही. चीड आली. माझ्यासाठी चार वेळा भांडली, आणि तेही गुपचूप. एवढं चांगलं असायला हिला सांगितलं कोणी?

शुक्रवारी ती पहिल्या बसने निघाली. धाकटी उठायच्या आत बोर्डावर बसली. एकोणीस जण तिच्या डोक्यात ओळीने होते, आवाजासकट आणि नंबरासकट. वही लागलीच नाही. तिने एकेकाला फोन लावला. काल आमची लाइन खराब होती, आज पुन्हा फोन करा, नक्की करा, आजचाच दिवस आहे. लोकही भले. लाइन म्हटल्यावर असं व्हायचंच, म्हणाले. नर्सबाई तर म्हणाल्या, "तुम्ही कळवलंत म्हणून बरं झालं बाई. मला वाटलं मॅडम आम्हाला टाळतायत. तुम्ही सांगताय म्हणजे लाइनच असणार." हे ऐकताना बोर्डबाईने डोळे मिटून घेतले.

दहा वाजल्यापासून फोन कोसळायला लागले. या वेळी प्रत्येक फोन दोनशे तीनला गेला. दुपारी दोनपर्यंत आकडा सेहेचाळीसवर पोचला. वरून शिपाई सांगत आला की धाकटीने खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला. बोर्डबाईने मनाशी जुळवून पाहिलं: जाळं झालं, जागा आपली, कोणाला पत्ता नाही. गंगेत घोडं न्हालं.

न्हालं कसलं. अडीच वाजता कुलसचिवांनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीत धाकटी बसली होती आणि टेबलासमोर लाइनमन उभा होता. हा लाइनमन म्हणजे पंचवीस वर्षं दर बुधवारी बोर्डाच्या तारा पुसून, तपासून जाणारा माणूस. बोलायला घुमा, निवृत्तीला एक वर्ष बाकी. झालं होतं असं: नर्सबाईंनी फोनवर धाकटीला सहज सांगितलं की काल म्हणे तुमची लाइन खराब होती, बोर्डावरच्या बाईंनी सकाळीच फोन करून कळवलं. पाठोपाठ आणखी सात-आठ जणांनी तेच सांगितलं. असल्या दिवशी लाइन खराब! धाकटी पेटली. तिने जागच्या जागी लेखी तक्रार केली, आणि कुलसचिवांनी लाइनमनच्या हातात कामावरून दूर का करू नये म्हणून कागद ठेवला.

लाइनमन म्हणत होता, लाइन तपासली साहेब, बुधवारी तपासली आणि आत्ताही तपासली, चोख आहे. कुलसचिव म्हणाले, मग इतकी माणसं खोटं बोलतात काय? आणि बोर्डबाईकडे वळले. "बोर्डबाई, तुम्ही सांगाल ते प्रमाण. काल लाइन खराब होती ना?"

लाइनमनने गयावया केली नाही. तो म्हणाला, "बाई सांगतील ते मला मान्य आहे."

एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्यात सगळं होतं: तिसरा मजला, खिडकी, खुर्ची. धाकटीच्या मांडीवर जाळ्याची फाइल उघडी होती आणि वरच्याच पानावर बोर्डबाईचं नाव होतं, पूर्ण, सासरच्या आडनावासकट, आणि पुढे कंसात 'सत्तावीस वर्षांचा अनुभव'. तिने लाइनमनकडे बघायचं टाळलं, पण त्याच्या चपला दिसत होत्या. एकीचा अंगठा शिवलेला होता.

"लाइन चांगली होती," बोर्डबाई म्हणाली. "एकोणीस फोन मीच जुन्या प्रयोगशाळेत लावले. मुद्दाम."

कुलसचिवांना आधी कळलंच नाही. चुकून लागले असतील, ते म्हणाले. ती म्हणाली, चुकून मी एकही लावलेला नाही, सत्तावीस वर्षांत. मग कशासाठी लावले, असं त्यांनी विचारलं. तिने जावेकडे बोट केलं.

"हिला मागत होते म्हणून."

लाइनमनने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि तो न विचारता निघून गेला. कुलसचिव म्हणाले की पोलीस-बिलीस नको, पण या बाईला त्या जागेवर बसवता येणार नाही, हे मॅडमनाही पटत असेल. धाकटीने पेन काढलं. एका रेघेत नाव खोडलं. बोर्डबाईकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच होतं. बोर्डबाईनेही तेच केलं असतं, फक्त जास्त जोरात.

पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. रुसून जायचं तरी कुठे? दोघींचं घर एक. संध्याकाळच्या बसमध्ये एक पुढे बसली, एक मागे. घराच्या फाटकातून एकापाठोपाठ एक आत गेल्या. आता धाकटी सगळं सांगणार, हे बोर्डबाईने धरूनच ठेवलं होतं. तिला वाटलं, सांगू दे. निदान तिचा चांगुलपणा एकदा तरी फाटलेला बघायला मिळेल.

जेवायला सगळे बसले. सासूबाईंनी विचारलं, झालं का तुझं ते जाळं? झालं, धाकटी म्हणाली, चाळीस हवे होते, सेहेचाळीस आले. सासूबाईंचा चेहरा फुलला. मग त्यांना थोरलीची आठवण झाली. हिच्या खोलीला कुलूप लागणार ना आता, हिचं काय? बोर्डबाईने घास खाली ठेवला. नवरा तिच्याकडे बघायला लागला.

धाकटीने पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला. "ताई टपालात जाणार," ती म्हणाली. "पण आज पहाटे उठून त्यांनी एकोणीस जणांना स्वतः फोन केले. ते एकोणीस आले नसते तर आज काही झालं नसतं."

एकही शब्द खोटा नव्हता. सासूबाईंनी थोरलीकडे बघितलं. बारा वर्षांत, बारा कसली, लग्न झाल्यापासून जे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते ते त्या माऊलीने त्या दिवशी उच्चारलं. "बघा. शेवटी थोरली ती थोरलीच." आणि स्वतःच्या हाताने तिच्या ताटात वाढलं.

धाकटी खाली मान घालून जेवत होती. बोर्डबाईने तिच्याकडे पाहिलं, आणि देवाशप्पथ सांगते, तिच्या पदवीचा, पगाराचा, तिसऱ्या मजल्याचा सगळा मिळून जेवढा हेवा आजवर वाटला नव्हता, तेवढा तिला पाण्याबरोबर सगळं गिळून टाकणाऱ्या त्या एका घोटाचा वाटला.